जिन्यातला दिवा आणि गच्चीवरचं ऊन: बीएच१७५० कसा वापरायचा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. इंदूरच्या रामबागेतल्या आजीच्या घरात दोन गोष्टी करायच्यात: अंधार पडला की जिन्यातला दिवा आपोआप लागायला हवा, आणि गच्चीवर मिरचीच्या कुंड्यांना दिवसभरात ऊन किती मिळतं त्याची नोंद ठेवायचीय. आधी एलडीआर (उजेडाप्रमाणे रोध बदलणारा साधा सेन्सर) लावला होतास, आकडे नाचत होते म्हणून जेल रोडवरून जीवाय-३०२ नावाचे दोन बोर्ड आणलेस, त्यावर उजेड मोजणारी बीएच१७५० चिप आहे, मेंदू ईएसपी३२, म्हणजे वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर. आता दोन तक्रारी. गच्चीवर दुपारभर आकडा ५४६१२ वरच अडकून बसतो, आणि जिन्यात संध्याकाळी दिवा लागतो-विझतो-लागतो असं चालू राहतं. मग विचारतोयस की बोर्ड बदलू का, महागातला घेऊ का.

नको बदलूस. दोन्ही कामं याच बोर्डावर होतात. तुझ्या दोन्ही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत आणि दोन्हींत सेन्सरचा दोष नाही: सेन्सर त्याच्या तोंडावर जेवढा उजेड पडतो तेवढाच मोजतो, आणि तो उजेड कुठून येतोय, किती वेळ येतोय, त्यात आपल्याच दिव्याचा भाग किती हे ठरवणं आपलं काम. लोक बोर्ड निवडण्यात चार संध्याकाळी घालवतात आणि तो कुठे चिकटवायचा याला दोन मिनिटं देतात, खरं तर उलटं पाहिजे.

आधी ५४६१२ बघू, कारण हा आकडा बघितला की अर्धं निदान तिथेच होतं. रोम कंपनीची ही चिप आतून १६ बिटांचा आकडा देते, म्हणजे जास्तीत जास्त ६५५३५. दुकानदार आणि बऱ्याच वेबसाइटी "६५५३५ लक्सपर्यंत" म्हणून सांगतात, पण तो कच्चा आकडा आहे, लक्स (उजेडाचं माप) नाही. लक्स काढायला त्याला १.२ ने भागायचं असतं, ६५५३५ भागिले १.२ म्हणजे ५४६१२. म्हणजे तुझी चिप सांगतेय की मी काठोकाठ भरलेय, पुढे मोजता येत नाही. आणि आपल्याकडे उघड्या गच्चीवर भर दुपारी स्वच्छ आकाशात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, त्यामुळे ती सकाळीच भरणार आणि दुपार कलेपर्यंत भरलेलीच राहणार.

यावर उपाय चिपमध्येच आहे पण बरेच जण तो वापरत नाहीत. चिप उजेड ठराविक वेळ साठवते आणि मग मोजते, पावसात भांडं ठेवून किती भरलं ते बघावं तसं. भांडं भरून वाहत असेल तर कमी वेळ ठेवायचं. हा वेळ ठरवणारं एक रजिस्टर आहे, त्याला डेटाशीटमध्ये एमटीरेग म्हणतात, त्याची मूळ किंमत ६९ असते आणि ती ३१ पासून २५४ पर्यंत बदलता येते. ३१ केलीस की वेळ निम्म्याहून कमी होतो आणि वरची मर्यादा साधारण १ लाख २१ हजार लक्सपर्यंत जाते, म्हणजे आपलं जूनचं ऊनही बसतं. बदल्यात बारकावा थोडा कमी होतो, एकेक पायरी सुमारे १.८५ लक्सची होते, पण जिथे पन्नास-साठ हजार मोजतोयस तिथे दोन लक्सचं काय घेऊन बसायचं.

कसं करायचं: एमटीरेगची किंमत दोन तुकड्यांत पाठवावी लागते. ३१ साठी आधी हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ४० पाठव, मग हेक्स ७एफ, आणि त्यानंतर मोजायची आज्ञा परत पाठव, म्हणजे सलग मोजणीसाठी हेक्स १०. ही परत पाठवायची गोष्ट विसरली जाते आणि मग लोक म्हणतात की रजिस्टर बदललं तरी फरक पडत नाही. पुढे लक्स काढताना कच्चा आकडा भागिले १.२ आणि त्याला ६९ भागिले ३१ ने गुण. लायब्ररी वापरत असशील तर तिच्यात एमटीरेग बदलायचं फंक्शन असतं का बघ, असेल तर हा गुणाकार बहुधा तीच करते, मग तू परत करू नकोस नाहीतर आकडा दुपटीहून जास्त येईल आणि गच्चीवर दोन लाख लक्स दिसायला लागतील. आणि लक्स ठेवायचं व्हेरिएबल १६ बिटांचं ठेवू नकोस, ६५५३५ च्या पुढे गेलं की ते गोल फिरून शून्यापासून सुरू होतं, फ्लोट (दशांश आकड्याचं व्हेरिएबल) घे.

याच ५४६१२ चा अजून एक अर्थ आहे जो माहीत असला की खूप वेळ वाचतो. रात्री, अंधारात, हा आकडा दिसला तर तो उजेड नाही, तुटलेली तार आहे. सेन्सरशी बोलणाऱ्या "वायर" नावाच्या लायब्ररीकडे बाइट आलेच नाहीत तर वाचताना उणे एक मिळतं, असे दोन बाइट जोडले की सगळे बिट एक होतात, म्हणजे परत ६५५३५, भागिले १.२, परत ५४६१२. म्हणून वाचण्याआधी दोन बाइट खरंच आलेत का ते तपासायचं. आणि काही लायब्रऱ्या चूक झाली तर लक्सच्या जागी उणे आकडा देतात, तो तर जास्त घातक, कारण तुझ्या कोडमध्ये "वीसपेक्षा कमी असेल तर दिवा लाव" एवढीच अट असेल तर उणे एक हा वीसपेक्षा कमीच आहे, आणि तार निघाल्यावर भर दुपारी दिवा जळत राहील. उणे आला की तो उजेडाचा आकडा धरायचाच नाही, मागची स्थिती तशीच ठेवायची आणि पाच-सहा वेळा लागोपाठ असं झालं तर सेन्सर नव्याने सुरू करायचा.

आता जिना. दिवा लागतो-विझतो त्याचं कारण नव्वद टक्के वेळा एकच असतं, सेन्सरला आपलाच दिवा दिसतो. अंधार झाला, कोडने दिवा लावला, दिव्याचा उजेड सेन्सरवर पडला, कोडला वाटलं सकाळ झाली, बंद केला, परत अंधार. हे थांबवायला पहिली गोष्ट म्हणजे जागा बदलणं. जिन्याला खिडकी किंवा जाळी असेल तर सेन्सर तिथे बाहेरच्या बाजूला तोंड करून लाव, दिव्याकडे पाठ. जुन्या घरांतल्या जिन्यांना बहुतेक एक झरोका तरी असतो, तिथे पट्टीसारखा आडोसा लावून बसव. गल्लीतला सरकारी दिवा थेट समोर येत नाही ना तेही रात्री जाऊन बघ.

जागा बदलता येत नसेल किंवा बदलूनही थोडा उजेड येतच असेल तर मग हिशोब कर. पूर्ण अंधार झाल्यावर दिवा बंद ठेवून आकडा घे, मग दिवा लावून घे. समज फरक ४० लक्स आला. आता लावायची मर्यादा तू १५ ठेवलीस तर बंद करायची मर्यादा ५५ पेक्षा चांगली वर पाहिजे, १५ अधिक ४० अधिक थोडी मोकळीक, म्हणजे ७५ वगैरे. सकाळी आकडा ७५ होईल तेव्हा खरा उजेड ३५ आलेला असेल, ठीक आहे. ही मोकळीक तू अंदाजाने "लावायला २०, बंद करायला ३०" अशी ठेवतोस आणि दिव्याचाच उजेड ४० असतो तिथे सगळं बिघडतं. म्हणून आधी मोजायचं, मग आकडे ठरवायचे, दुसऱ्याच्या कोडमधले आकडे उचलून चालत नाही कारण त्याचा जिना वेगळा, दिवा वेगळा.

याच्या जोडीला वेळेची अट घाल. आकडा मर्यादेखाली सलग दोन मिनिटं राहिला तरच दिवा लाव, वर सलग पाच मिनिटं राहिला तरच बंद कर. त्यामुळे पावसाळ्यात वीज चमकली, गल्लीत मोटारीचे हेडलाइट आले, दिवाळीत समोर अनार उडाला, कोणी सेन्सरसमोरून गेलं, कशानेच काही होत नाही. पण एक अपवाद ठेव: लाईट जाऊन आली की ईएसपी पहिल्यापासून सुरू होतो, त्या वेळी दोन मिनिटं थांबायचं नाही, पहिलाच नीट आकडा बघून लगेच ठरवायचं. नाहीतर रात्री लाईट आल्यावर आजी अंधारात जिन्यात उभी राहील, आणि हे सगळं आपण तिच्यासाठीच करतोय.

तू विचारलं होतंस की आकडा अचूक नाही, फोनमधलं ॲप ९० म्हणतं आणि बोर्ड ११० म्हणतो, मग भरवसा कसा ठेवायचा. डेटाशीटमध्येच लिहिलंय की १.२ हा ठराविक आकडा आहे, प्रत्यक्षात चिपमागे तो ०.९६ ते १.४४ असू शकतो, म्हणजे वीस टक्के इकडे किंवा तिकडे. तुझ्या दोन बोर्डांमध्येही फरक निघेल. फोनचा सेन्सर तर काचेमागे असतो, त्याला खरा मानू नकोस. पण दिव्याच्या कामाला ही चूक किती लागते ते बघ. स्वच्छ आकाश असेल तर सूर्य मावळताना मोकळ्या जागेवर साधारण ४०० लक्स असतात आणि नागरी संधिप्रकाश संपताना (सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेल्यावर) तीन-साडेतीन. आपल्या अक्षांशावर हे व्हायला तेवीस-चोवीस मिनिटं लागतात. म्हणजे माळव्याच्या त्या संध्याकाळी उजेड दर साडेतीन मिनिटांना जवळजवळ निम्मा होत असतो. आता वीस टक्के चूक म्हणजे फार तर एक मिनिट. दिवा सव्वासातच्या ऐवजी सात सोळाला लागला तर कोणाला कळणार आहे? म्हणून या कामासाठी महागडा सेन्सर घेणं म्हणजे पैसे वाया. दोन्ही बोर्डांचे आकडे एकमेकांशी जुळावेत असं वाटत असेल तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून एकाच ट्यूबलाइटखाली, दिवस मावळल्यावर, आकडे घे आणि एकाला गुणक लाव, ते पुरे.

यातूनच एक छोटी गोष्ट निघते. उजेडाचं गणित बेरजेचं नाही, पटीचं असतं. डोळ्यालाही १० चे २० झालेले कळतात, १०००० चे १००१० झालेले कळत नाहीत. म्हणून पुढे कधी दिवा हळूहळू मंद-तेज करायचा असेल तर लक्सचा सरळ मॅप (लक्सच्या प्रमाणात दिव्याचं तेज ठरवणं) करू नकोस, आधी लॉगरिदम घे आणि मग मॅप कर. सरळ मॅप केलेले दिवे दिवसभर एकाच जागी अडकलेले दिसतात आणि संध्याकाळी एकदम उडी मारतात. आकडे सपाट करायला सरासरी लावायची असेल तीही लॉगवरच लाव.

एलडीआर का नाचत होता हेही सांगतो कारण तेच कारण पुढे इथेही भेटेल. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे बल्ब, जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतात, डोळ्याला दिसत नाही. तू ॲनालॉग पिनवर क्षणभरात एक आकडा घेतोस, तो कधी लाटेच्या माथ्यावर तर कधी पायथ्याशी. एलडीआर स्वतः थोडा सुस्त असल्यामुळे लाट अर्धवट दाबतो पण पुरती नाही. त्यात ईएसपी३२ चा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) दोन्ही टोकांना वाकडा, आणि वायफाय चालू असताना त्यातल्या दुसऱ्या गटाच्या, एडीसी२ च्या, पिना ॲनालॉग वाचायला चालतच नाहीत, ३२ ते ३९ मधल्याच घ्याव्या लागतात. शिवाय एकाच नंबरचे दोन एलडीआर सारखे नसतात, ५५२८ नंबरचा घेतलास तर १० लक्सला तो १० ते २० किलोओहममध्ये कुठेही असू शकतो, आणि बराच वेळ अंधारात होता की उन्हात होता यावरही त्याचं उत्तर थोडं बदलतं. दिवस की रात्र एवढंच विचारायचं असेल तर एलडीआर आजही छान, पाच-दहा रुपयांचा भाग आहे, पण नोंद ठेवायची असेल तर नको.

बीएच१७५० मध्ये हा १०० हर्ट्झचा त्रास का होत नाही, तर त्याच्या चांगल्या मोडमध्ये मोजणीला साधारण १२० मिलिसेकंद लागतात, त्यात उजेडाच्या बारा पूर्ण लाटा बसतात आणि चढउतार आपोआप कटतो. त्याच्यात एक झटपट मोडही आहे, १६ मिलिसेकंदांचा, ४ लक्सच्या पायरीचा, त्यात दीडेक लाट येते आणि आकडा परत हलायला लागतो. जिन्यात झटपट मोड वापरायचं काहीच कारण नाही. आणि मोजणी सुरू केल्यावर थांबायचं: १२० ही ठराविक वेळ आहे, जास्तीत जास्त १८० लागू शकतात, म्हणून २०० मिलिसेकंद थांबून वाच. सुरू केल्या केल्या वाचलंस तर शून्य मिळतं आणि पहिल्याच क्षणी दिवा लागतो. बॅटरीवर चालवायचं असेल तर सलग मोडच्या ऐवजी एकदाच मोजायची आज्ञा दे, हेक्स २०, मोजून झालं की चिप स्वतःच झोपते.

जोडणीबद्दल फार बोलत नाही. सेन्सर आणि ईएसपी दोन तारांवरून बोलतात, त्या पद्धतीला आय-टू-सी आणि त्या सामायिक तारांना बस म्हणतात. ईएसपी३२ वर एसडीए (डेटाची तार) २१, एससीएल (घड्याळाची तार) २२, बोर्डाला ३.३ व्होल्टच दे. एडीडीआर (पत्ता ठरवणारी) पिन मोकळी सोडू नकोस, एका बोर्डावर ग्राउंडला जोड म्हणजे पत्ता हेक्स २३, दुसऱ्यावर ३.३ ला जोड म्हणजे ५सी. एका बसवर असे दोनच बसतात. कोड लिहायच्या आधी आय-टू-सी स्कॅनर चालवून पत्ते दिसतात का बघ, दिसत नसतील तर कोडमध्ये शोधत बसू नकोस, सोल्डरिंग बघ. हे बोर्ड पिना सुट्या देऊनच येतात आणि नुसत्या भोकात अडकवलेल्या पिनांवर कित्येक जण आठवडाभर झगडत असतात. रात्रीच्या आकड्यात दोन-चार लक्स कुठून येतायत कळत नसेल तर ईएसपी बोर्डावरचा लाल दिवा बघ, एकाच डबीत दोन्ही ठेवले असतील तर तो सेन्सरला दिसतो, त्यावर काळी टेप लाव.

पण तू लिहिलंयस की एक ईएसपी जिन्यात ठेवून गच्चीपर्यंत तार नेणार. हे करू नकोस. आय-टू-सी एकाच सर्किटवर चार इंचांत बोलायला बनलंय, बसवर ४०० पिकोफॅरड (तारांच्या विद्युत धारकतेचं माप) ही मर्यादा आहे आणि साध्या केबलला मीटरमागे ५० ते १०० पिकोफॅरड लागतात, म्हणजे पाच-सात मीटरात संपलं. वेग कमी करून, पुलअप (तारा वर ओढून धरणारे रेझिस्टर) बदलून कधी चालतंही, पण पंप सुरू झाला, वीज कडाडली की अडकतं. गच्चीवर वेगळा ईएसपी ठेव, तो वायफायवरून किंवा ईएसपी-नाऊवरून (राउटरशिवाय थेट ईएसपी ते ईएसपी) आकडे खाली पाठवेल. थोडे पैसे जास्त जातील पण डोकं शांत राहील.

गच्चीचं काम मला स्वतःला जास्त आवडतं कारण त्यात बघायला खूप आहे. सेन्सर आडवा, अगदी समतल बसव, लेव्हलची बुडबुड्याची पट्टी ठेवून. तिरका बसला तर सकाळ-संध्याकाळचं ऊन चुकीचं मोजेल, कारण सपाट जागेवर पडणारा उजेड सूर्याच्या उंचीप्रमाणे बदलतो. इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली, म्हणजे जूनमध्ये दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि डिसेंबरच्या शेवटी दुपारीसुद्धा ४४ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे आकाश तेवढंच स्वच्छ धरलं तरी हिवाळ्यात सपाट सेन्सरवर थेट उन्हाचा आकडा जूनच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास येणार. आणि तुझ्या गच्चीला दक्षिणेकडे मीटरभर उंच कठडा असेल तर डिसेंबरात दुपारी त्याची सावली मीटरभर आत येते, जूनमध्ये येत नाही. मिरचीच्या कुंड्या जूनमध्ये कठड्याला टेकून खूश असतात आणि थंडीत तिथेच रुसतात ते यामुळे. सेन्सर कुंडीच्या उंचीवर, कुंडीशेजारी ठेव, टाकीवर उंच ठेवशील तर तो टाकीचं ऊन मोजेल.

उघडा बोर्ड पावसात टिकणार नाही, झाकण लागणार. पारदर्शक प्लास्टिकची डबी काही महिन्यांत पिवळी-धुरकट होते आणि आकडा हळूहळू उतरतो, आपल्याला वाटतं ऋतू बदलला. मला नळवाल्यांची पांढरी टेफ्लॉन टेप बरी वाटते, ती उन्हाने पिवळी पडत नाही आणि उजेड सगळीकडून पसरवून आत सोडते. छोट्या छिद्रावर तिचे सात-आठ पदर नीट ताणून लाव, वर सुरकुती नको. पदरांमुळे उजेड कमी होणार, म्हणून एकदा स्थिर उजेडात टेपशिवाय आणि टेपसह असे दोन आकडे घे, भागाकार हा तुझा गुणक. टेपने उजेड निम्म्याहून कमी केला तर एमटीरेग न बदलताही मर्यादेत बसशील, पण मी दोन्ही करतो. डबीच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र ठेव, नाहीतर पावसाळ्यात आत दव धरतं. आणि मे महिन्यात बंद डबीत ईएसपी भाजतो, म्हणून ईएसपी आणि बॅटरी कुंडीच्या सावलीत वेगळ्या डबीत, वर फक्त सेन्सर, मध्ये हातभर तार.

सेन्सरवरची ही टेपची खिडकी पुसायची सवय ठेव. उन्हाळ्यातली धूळ, कबुतरं, आणि रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघाली की राजवाड्याकडच्या भागात गच्च्यांपर्यंत गुलाल उडतो, तो टेपवर बसला तर आकडा खाली जाणारच. पुसायच्या आधी आणि नंतरचा आकडा लिहून ठेवत जा, फरक दहा टक्क्यांच्या वर जायला लागला की पुसण्यामधलं अंतर कमी कर.

आता या आकड्याचं करायचं काय. लक्स हे माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे, हिरव्या-पिवळ्याला जास्त भाव देतं, लाल-निळ्याला कमी. झाडाला ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला सगळा उजेड लागतो. पण आपल्याकडे एकच उगम आहे, सूर्य, आणि सूर्यप्रकाशात ५४ लक्स म्हणजे साधारण दर चौरस मीटरला सेकंदाला १ मायक्रोमोल (झाडाच्या कामाच्या प्रकाशकणांची मोजणी) हा हिशोब चांगला चालतो. म्हणजे ५४ हजार लक्स तासभर पडले तर १००० गुणिले ३६०० सेकंद, ३.६ मोल. दर मिनिटाला एक आकडा घेऊन दिवसाची बेरीज कर, तो एकच आकडा दुपारच्या सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा जास्त कामाचा आहे. दोन कोपऱ्यांत दोन आठवडे सेन्सर ठेवून बेरजा ताडून बघ, कुंड्या कुठे न्यायच्या ते लगेच कळेल. जांभळ्या ग्रो-लाइटखाली मात्र हा ५४ चा हिशोब वापरू नकोस, तिथे लक्सचा आकडा झाडाला मिळणाऱ्या उजेडाबद्दल काही सांगत नाही.

दुसरे बोर्ड कधी घ्यायचे? चांदण्याचा उजेड, आकाशाचा अंधार मोजायचा असेल तर विशे कंपनीचा व्हीईएमएल७७०० नाहीतर दुसऱ्या कंपनीचा टीएसएल२५९१ घे, बीएच१७५० तिथे शून्य-एक करत राहतो. टीएसएल२५९१ मध्ये इन्फ्रारेडसाठी वेगळा मार्ग असतो त्यामुळे बल्ब आणि ऊन यांतला फरक कळतो, पण गेन (संवेदनशीलता) आणि मोजायचा वेळ स्वतः बदलत राहावं लागतं. व्हीईएमएल७७०० चा पत्ता हेक्स १० एकच, बदलता येत नाही, म्हणून एका बसवर दोन लावायचे तर मध्ये टीसीए९५४८ए सारखा मल्टिप्लेक्सर (एका बसचे अनेक फाटे करणारी चिप) हवा. तुझ्या कामाला यातलं काही नको.

शेवटचं, रिलेबद्दल, म्हणजे ईएसपीच्या इशाऱ्यावर दिव्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचबद्दल. जिन्यातला दिवा २३० व्होल्टवर आहे आणि तू रिलेचा उघडा बोर्ड भिंतीवर लावायचं म्हणतोयस. मी ते १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीवर करेन, भिंतीजवळ बंद डबीतला तयार ॲडॅप्टर आणि पट्टी लावायला लॉजिक-लेव्हलचा (ईएसपीच्या कमी व्होल्टवर चालणारा) मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आयआरएलझेड४४एन वगैरे, गेटवरून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे ईएसपी सुरू होताना पट्टी उगाच चमकत नाही. जिन्याला पायऱ्यांच्या कडेने अशी पट्टी बल्बपेक्षा चांगली दिसते आणि आजीला पायरीची कड नीट दिसते. तरी जुना बल्बच ठेवायचा असेल तर रिलेची २३० ची बाजू ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घे, बंद डबीत, फेजच्या तारेवर, आणि भिंतीवरचं जुनं बटण रिलेला समांतर राहू दे, म्हणजे ईएसपी बिघडला तरी दिवा हाताने लावता येईल. आधी आठवडाभर रिले न जोडता नुसते आकडे आणि "लावला असता, बंद केला असता" एवढं फाइलमध्ये लिहून घे, मर्यादा बसल्या की मगच तार जोड.